खंबाटकीत गाडीला उचकी लागते?

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा आणि पुण्याहून सातारा-सांगलीची वाट धरायची, हा अनेकांचा ठरलेला वीकएन्ड. सपाट रस्त्यावर गाडी मस्त पळते. पण खंबाटकीचा चढ लागला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गचके सुरू! मागच्या सीटवरून लगेच निदान येतं, 'पेट्रोलमध्ये भेसळ असणार!' असेलही. पण आधी संशय घ्यावा तो स्पार्क प्लगवर, नाहीतर त्याच्या डोक्यावर बसलेल्या इग्निशन कॉइलवर.

चढावरच का? लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करणं हे कॉइलचं काम. ३००० आरपीएमला प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो. प्लग झिजला, कॉइल थकली, तरी सपाटीवर निभावतं. घाटात पितळ उघडं पडतं!

आधीच्या पिढीला हे पाठ होतं. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर बनायची. प्लग काळा झाला की रस्त्याकडेलाच काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, बसवायचा आणि मारायची किक! आजच्या इरिडियम प्लगवर मात्र हा प्रयोग नको. त्याचं टोक नाजूक असतं. तो बदलायचाच. साधे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियम लाखाच्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

चोर कोण?

सरसकट चारही कॉइल बदलण्याआधी एक सोपी टेस्ट करा. ओबीडी स्कॅनरवर पी०३०२ कोड आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर करतोय. इंजिन बंद, थंड. दोन आणि तीनच्या फक्त कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, चक्कर मारा. आता पी०३०३ आला, तर चोर सापडला! कोड दोनवरच राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लग बघा.

रविवारचा कार्यक्रम

* गाडी रात्रभर थंड होऊ द्या. गरम अ‍ॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे जाऊ शकतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.
* एका वेळी एकच सिलिंडर. कनेक्टरची लॉक-क्लिप दाबून काढा, वायर ओढू नका. बोल्ट काढा, कॉइल हलकी फिरवत वर उचला.
* प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाईल.
* लांब प्लगपान्याने प्लग काढा. नवा मॅन्युअलमधल्याच नंबरचा घ्या.
* नवा प्लग आधी हातानेच फिरवा. अडला तर जोर नको, परत काढून सरळ धरा. शेवटी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याएवढाच आवळा.
* कॉइल 'टक्' करून बसली, बोल्ट लागला, कनेक्टर जोडला, की पुढचा सिलिंडर.

इथे थांबा!

खड्ड्यात ऑइल साचलंय? प्लग हलतच नाही? नव्या प्लगनंतरही गचके आहेत? मग मेकॅनिकच बरा. ऑइल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा सील गेलेलं असू शकतं. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर 'सांगलीला पोचून बघू' म्हणू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो जाळतं. त्याच्या बिलापुढे प्लगचे पैसे म्हणजे चिल्लर!

डिझेल गाडीवाल्यांनो, तुम्ही रविवारी खुशाल झोपा. तुमच्या इंजिनात स्पार्क प्लगच नसतो.