‘युविका’: इस्रोचे दार ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीही खुले

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, अर्थात इस्रोने, २०१९ मध्ये ‘युविका’ हा युवा विज्ञानी कार्यक्रम सुरू केला. उन्हाळी सुट्टीत सुमारे दोन आठवडे चालणाऱ्या या निवासी कार्यक्रमात नववीच्या विद्यार्थ्यांना इस्रोच्या केंद्रांमध्ये शास्त्रज्ञांकडून अंतराळविज्ञानाचे धडे मिळतात. प्रवास व निवासाचा खर्च इस्रो उचलते.

जागा मर्यादित असल्याने निवड गुणवत्ता यादीनुसार होते. मात्र ही यादी केवळ परीक्षेतील गुणांवर ठरत नाही. आठवीच्या गुणांना निम्मे महत्त्व असते. उर्वरित गुण ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, क्रीडास्पर्धा तसेच स्काउट-गाईड वा एनसीसीतील सहभागासाठी असतात. पंचायत क्षेत्रातील शाळेत शिकणाऱ्यांना स्वतंत्र गुण मिळतात. प्रत्येक राज्य व केंद्रशासित प्रदेशाला प्रतिनिधित्व देण्यात येते.

म्हणूनच ‘हे शहरातल्या मुलांसाठी आहे’ असे मानून अर्जच न करणे हे ग्रामीण विद्यार्थ्याचे मोठे नुकसान ठरते. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. नोंदणीनंतर प्रश्नमंजूषा सोडवणे विसरू नये. नमूद केलेल्या प्रत्येक बाबीचे प्रमाणपत्र हाताशी असावे. पुराव्याअभावी निवड रद्द होऊ शकते. गुणपत्रिका व प्रमाणपत्रे साक्षांकित करून घेण्यासाठी मुख्याध्यापकांशी वेळीच संपर्क साधावा.