उसाची संगणकी वही
कारखान्यास ऊस घालणाऱ्या बागाइतदारास लागणीची तारीख, तोडणीची पाळी व कांट्यावरचें वजन अशा तीन नोंदी जपाव्या लागतात. त्या तीन वह्यांत राहिल्या म्हणजे किती घोळ होतो, हें दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस चांगलें ठाऊक आहे. कारखान्यासाठीं खास रचलेल्या संगणकप्रणालीचा उपयोग हाच कीं, शेतकी खातें, कांटा व हिशेब हे एकाच नोंदीवर चालतात.

कोल्हापूर जिल्ह्यांतील वारणानगरची हकीकत पाहण्यासारखी आहे. १९९८ सालीं तेथील सुमारें ७० गांवें संगणकांनीं जोडण्याचें काम सरकारी मदतीनें हातीं घेतलें गेलें. या यंत्रांकडून पुष्कळ अपेक्षा होत्या. शेतकऱ्यानें मात्र तेथें मुख्यतः आपल्या उसाचाच हिशेब विचारला! पुढें २००६-०७ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं सात गांवांत तीच माहिती मोबाइलच्या लघुसंदेशानें मिळण्याची सोय करून पाहिली. आमच्या मतें ही साधी सोयच अधिक शहाणपणाची.

तोडलेला ऊस पडून राहिला कीं वजन व साखर दोन्ही घटतात. पाळी फार लांबल्यास उभ्या उसाचेंही नुकसान होतें. परंतु यंत्रास शेत दिसत नाहीं. चिटबॉयनें तारीख चुकीची लिहिली तर ती चूक कांट्यापर्यंत बिनबोभाट जाते. सबब लागण नोंदवितांच पावती मागून घ्यावी आणि गट नंबर, क्षेत्र व उसाची जात ताडून पाहावी. कांट्याची पावतीही जपावी; कारण निराळा लेखी करार नसल्यास, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस पोंचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, व ते दिवस मोजावयाचे त्या पावतीवरूनच.