तिफणीची तुंबलेली नळी

‘लहानपणी डोक्याला मार लागला तर मेंदू लवकर सावरतो ना?’ पालकांचा हा हमखास प्रश्न. या समजुतीला शास्त्रात ‘केनार्ड तत्त्व’ म्हणतात. मला विचाराल, तर हा मार्गारेट केनार्डबाईंवर झालेला अन्याय आहे.

येल विद्यापीठात त्यांनी माकडांच्या मेंदूतला हालचालींचा भाग काढून पाहिला. मोठी माकडं लुळी पडली, पिल्लं बरीच सावरली. लोकांनी एवढंच उचललं. पण तीच पिल्लं वाढताना त्यांच्या अंगात ताठरपणा येऊ लागला, हेही बाईंनी नोंदवलं होतं. त्यांच्या 1936च्या निबंधाच्या शीर्षकातच ‘वय आणि इतर घटक’ असं आहे. जगाने वय ठेवलं, इतर घटक गाळले!

पेरताना तिफणीची एक नळी तुंबली, तर त्या दिवशी कळत नाही. तिन्ही तास सारखेच दिसतात. आठवड्याने कोंब वर येतात, तेव्हा एक ओळ रिकामी असते. कपाळामागचा मेंदूचा भाग असाच उशिरा उगवतो. त्याची वाढ विशी ओलांडेपर्यंत चालते. राग आवरणं, समोरच्याच्या मनातलं ओळखणं ही त्याची कामं. तान्ह्या मुलाकडून ती कोण मागतं? म्हणून या भागाला लहानपणी इजा झाली, तर उणीव दिसते ती शाळेत, मैत्रीत, वयात येताना.

1999 साली आयोवातले मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दामासिओ यांच्या गटाने दोन तरुणांचा अभ्यास मांडला. एकीच्या याच भागाला पंधराव्या महिन्यात वाहनाखाली सापडून इजा झाली होती, दुसऱ्याची तिसऱ्या महिन्यात तिथलीच गाठ काढली होती. दोघंही बुद्धीने ठीक, घरंही चांगली. तरी चोरी, खोटेपणा सुटेना, मैत्री टिकेना. मोठेपणी तिथेच इजा झालेले लोक विचारल्यावर निदान नियम तरी बरोबर सांगतात, फक्त पाळत नाहीत. या दोघांच्या मनात नियम रुजलेच नव्हते.

अर्थात, दोन माणसांवरून सिद्धान्त बांधू नये. गुन्हेगारीचं मूळ मेंदूत सापडल्याच्या मथळ्यांवर तर मुळीच भुलू नये. बहुतेक मुलांचा मार किरकोळ असतो आणि ती पूर्ण बरी होतात. पण इजा गंभीर असेल, तर पुढची अनेक वर्षं नजर हवी. घरचं वातावरण कसं आहे यानेही मुलाच्या वागण्यात फरक पडतो, असं पाहणीत दिसलंय. केनार्डबाईंच्या ‘इतर घटकां’तला हा एक म्हणा हवं तर.

शेतकरी रिकामी ओळ दिसली की बियाण्याला दोष देत बसत नाही, वेळेत नांग्या भरतो. ‘आगाऊ’ म्हणून वर्गाबाहेर काढलेल्या पोराचा जुना केसपेपर आधी कुणीतरी उघडून पाहायला हवा.