चिखलांतली मालमोटार

मुंबईहून आगगाडीनें उत्तरेकडे निघालें म्हणजे डहाणूपासून घोलवड-बोर्डीपर्यंत चिकूच्या गर्द बागा लागतात. येथील चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. आंतील बाजूस तलासरी तालुका आहे. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता त्यांतून जातो खरा, परंतु हमरस्ता सोडून पाड्यांकडे वळलें कीं पावसाळ्यांत चिखलाशीं गांठ पडते. झाडावरून उतरलेला चिकू थोड्याच दिवसांत मऊ पडतो. तो कोणासाठीं थांबत नाहीं. अशा वेळीं मालमोटार रुतली, आणि चार चाकांची ओढ लावूनहि पुढचीं चाकें हललीं नाहींत, तर मालकाचें नुकसान होतेंच. पण तोडणाऱ्यांची आणि पेट्या भरणाऱ्या बायांची मजुरीहि धोक्यांत येते.

अशा प्रसंगीं घाबरून सारी गिअरपेटी उघडण्याकडे कल होतो, व दिवस आणि पैसा दोन्ही खर्ची पडतात. वास्तविक दोष पुष्कळदां चाकाच्या हबांत किंवा एखाद्या तारेंत असतो. एंजिनाची शक्ति चाकापर्यंत कोणत्या वाटेनें जाते एवढें ठाऊक असलें, म्हणजे तो कोठें आहे हें मालकास स्वतः ताडतां येतें.

ही रचना आपल्याकडे परिचित झाली ती जीपगाडीमुळें. १९४५ सालीं स्थापन झालेल्या, व पुढें महिंद्र आणि महिंद्र या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकन विलिस जीप येथें जोडण्यास आरंभ केला. अशा गाडींत एरव्हीं ओढ मागच्या दोन चाकांनाच असते. लिव्हर ओढली कीं गिअरपेटीला जोडलेली दुसरी पेटी, म्हणजे ट्रान्स्फर केस, तीच ओढ पुढच्या लांब शाफ्टलाहि देते. तेथून ती डिफरेन्शियलमध्यें, मग दोन आडव्या दांड्यांत व शेवटीं हबमधून चाकांत उतरते. कित्येक गाड्यांचे हब हातानें फिरवून लॉक करावे लागतात. तें विसरणें हेंच बिघाडाचें पहिलें कारण होय.

पुष्कळदां पुढचें एक व मागचें एक चाक गरगर फिरतें, आणि गाडी तसूभरहि सरकत नाहीं. हा बिघाड नव्हे. साध्या डिफरेन्शियलचा धर्मच असा, कीं जें चाक निसरड्यावर असेल तिकडे फिरणें निघून जातें. तेथें चाकांखालीं दगड किंवा फळ्या घालाव्या. पुढचें एकहि चाक फिरत नसेल, तरच परीक्षेस लागावें.

हातानें लॉक होणारे हब व उघडे दिसणारे आडवे दांडे असतील, तर ही परीक्षा सोपी आहे. सपाट, कठीण जमिनीवर दोन्ही हब लॉक करावे, लिव्हर चार चाकांवर टाकावी व दांते नीट बसावे म्हणून गाडी हातभर सरळ सरकवावी. मग एंजिन बंद करून हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावे आणि पुढचें एकच चाक जॅकनें उचलावें. गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. बाजूनेंच वांकून पाहावें. आतां तें चाक हातानें फिरवावें. थोड्याशा ढिलाईपलीकडे तें फिरलें नाहीं, तर सर्व जोड शाबूत आहेत. चाक फिरतें पण त्याचा आडवा दांडा स्थिर राहतो, तर त्याच बाजूचा हब लागलेला नाहीं. दांडा फिरतो पण लांब शाफ्ट स्थिर, तर दोष बहुधा पलीकडच्या बाजूस आहे. शाफ्टहि फिरूं लागला, तर ट्रान्स्फर केसनें पकड घेतलेली नाहीं. तरीहि ती उघडण्यापूर्वीं लिव्हरचे सांधे पाहावे. लिव्हरऐवजीं विजेचें बटण असल्यास आधीं फ्यूज व तारांचे जोड तपासावे. डहाणूच्या खाऱ्या हवेंत त्यांना गंज चढावयास वेळ लागत नाहीं.

ओढ्याच्या पाण्यांतून गाडी गेली असल्यास डिफरेन्शियलचें तेलहि पाहावें. तें दुधाळ दिसलें, तर आंत पाणी शिरलें असें समजून लगेच बदलावें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चिखलांतून निघून हमरस्त्यावर आल्यावर लिव्हर पूर्ववत् करण्यास चुकूं नये. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर कापतात. चिखलांत तीं थोडीं घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर तें शक्य नसल्यानें सारा पीळ शाफ्ट आणि दांते यांवर पडतो. सुकाणूं जड होतें, टायर घासतात व लिव्हर अडकून बसते. ती बळानें ओढूं नये. गाडी थोडी सरळ मागें घ्यावी, म्हणजे पीळ उतरून ती सुटते. चारहि टायर सारख्या मापाचे व सारखे झिजलेले असावे, याचें कारणहि हेंच.

या साऱ्या तपासणीस अर्धा दिवसहि लागत नाहीं. ती पहिल्या पावसापूर्वीं झालेली बरी. बागेंत पेट्या भरून तयार असतां ती करण्यास सवड मिळत नसते.