पांढऱ्या साक्याची साक्ष

नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की परीक्षानळीत पांढरा धूसर ढग उठतो आणि वहीत नोंद पडते : क्लोराइड आहे. नोंद बहुधा बरोबरच असते. सिद्ध मात्र झालेली नसते. चांदीचा आयन काही एकट्या क्लोराइडशी एकनिष्ठ नाही. कार्बोनेटशीही त्याचे जमते आणि तो साकाही पांढुरकाच दिसतो. म्हणून जाणकार आधी विरल नायट्रिक आम्ल घालतो. कार्बोनेट असेल तर बुडबुडे येऊन ते निघून जाते, क्लोराइड जागेवर राहते. आम्ल नायट्रिकच हवे, कारण हायड्रोक्लोरिक घातले तर ज्याचा शोध घ्यायचा तोच आपण आत सोडतो. मग पाळी अमोनियाची. क्लोराइडचा साका विरल अमोनियात विरघळतो, ब्रोमाइडचा फिकट पिवळा साका संहत अमोनियात, आयोडाइडचा पिवळा साका मात्र दोन्हीला दाद देत नाही. म्हणजे पुरावा त्या पहिल्या ढगात नव्हताच. एकेक संशयित बाद करत जाण्यात होता. बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी रंगांचे तक्ते घोकून नेमके हेच निसटते.

ज्योतीच्या परीक्षेत तर रंग उघड दगा देतो. बोटाच्या घामातले सोडियमही नमुना ज्योतीत धरायच्या तारेला लागले की त्याच्या दांडग्या पिवळ्या उजेडात पोटॅशियमची फिकी जांभळी छटा बुडते. निळ्या कोबाल्ट काचेतून पाहिले तरच ती सापडते. बुन्सेन आणि किर्खहॉफ या शास्त्रज्ञांना 1860 मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात, ज्योतीच्या वर्णपटात सीझियमच्या दोन निळ्या रेषा दिसल्या, त्याही कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम आणि बरेचसे लिथियम आधी बाजूला काढल्यावर.

यावर कुणी म्हणेल, आता यंत्रे मिनिटांत सगळी मूलद्रव्ये मोजतात, मग परीक्षानळीचा हा खटाटोप कशाला? मोजण्याच्या कामात परीक्षानळी यंत्रापुढे टिकत नाही, हे मान्य. पण यंत्राचीही फसगत होते. आर्गॉनच्या तप्त प्लाझ्मात नमुना फवारून आयनांचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणात 75 या आकड्यावर आर्सेनिक दिसते, आणि नेमके तिथेच 40 वस्तुमानाचा आर्गॉन व 35 चा क्लोरीन यांची जोडगोळीही येऊन बसते. खारट पाण्यात नसलेले आर्सेनिक दिसू लागते ते असे. तेव्हा त्या महागड्या यंत्रापाशी बसलेल्यालाही आधी विचारावेच लागते, या पाण्यात क्लोराइड किती आहे?