पाईप मध्ये फुटत नाही, टोकाला मरतो

मागच्या व्हिडिओत मी एचटीपी पंपाच्या पाईपाचं टोक कापून नवीन निपल बसवून दाखवलं. काम हाताने कसं करायचं ते तिथे आलं, पण त्यामागची धंद्याची बाजू राहून गेली. ती इथे लिहितो. गावात शेती-अवजारांचं किंवा हार्डवेअरचं छोटं दुकान टाकायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी जरा सावकाश वाचा.

आधी प्रसंग सांगतो. दुकान टाकून फार दिवस झाले नव्हते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आमच्या बोर्ली पंचतनला, दिवेआगरला, खाली श्रीवर्धनपर्यंत या दिवसांत सुपारीवाल्यांची एकच घाई असते. पाऊस लागायच्या आत घोसांवर बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी झाली पाहिजे. नाही झाली तर कोळे रोग येतो आणि कच्ची फळं गळून झाडाखाली सडा पडतो. शेजारच्याच एका काकांनी माझ्याकडून 100 मीटरचा नवा पाईप नेला होता. टोकं मीच बसवून दिली आणि क्लिपा 'फ्री' दिल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी पंपाजवळचं टोक निपलातून निसटलं. दाबाखालचा पाईप सुटला की सापासारखा उसळतो. मिश्रण कामगाराच्या तोंडावर गेलं. बरेच वेळ स्वच्छ पाण्याने डोळे धुतले, सुदैवाने डोळा वाचला. पण 200 लिटरचं मिश्रण कालवलेलं होतं आणि बोर्डो त्याच दिवशी वापरावं लागतं, उद्यासाठी ठेवता येत नाही. नवीन टोक करून आणेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला.

काका भांडले नाहीत. पाईप आणून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "पाईप चांगला आहे रे. तू लावलेलं टोक बघ."

मी बघितलं. फुकट दिलेली क्लिप साधी पातळ पत्र्याची होती, स्क्रू अर्धवट फिरून आटे गेले होते. त्या एका क्लिपेवर मी जे दोन-चार रुपये वाचवले, त्यात काकांची एक फवारणी गेली. पुढची दोन वर्षं ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

जुने पाईप मागून घेतले

त्यानंतर मी एक गोष्ट केली, जी कॉलेजात बीबीएला कोणी शिकवली नव्हती. गिऱ्हाईक नवीन पाईप घ्यायला आलं की सांगायचो, "जुना फेकू नका, मला आणून द्या." आणलेला पाईप मागच्या पडवीत पसरायचा आणि नेमका कुठे गेलाय ते हाताने चाचपून बघायचं. वाटलं होतं पाईप जुना होऊन कुठेही फुटत असेल. तसं नव्हतं. मधला भाग बहुतेक वेळा धडधाकट असायचा. गेलेला असायचा तो दोन्ही टोकांचा हात-दीड हात भाग, नाहीतर कायम एकाच जागी मोडलेला भाग.

पंपाकडच्या टोकाला पंपाची थरथर सतत बसते. गनकडच्या टोकाला माणूस ओढतो, वळवतो, मुरगळतो. निपल जिथे संपतं आणि नुसता पाईप सुरू होतो, त्या रेषेवर पाईप दरवेळी वाकतो. आतले पॉलिएस्टरचे धागे तिथेच आधी तुटतात. बाहेरून फक्त एक छोटासा फुगा दिसतो. फुगा दिसला की समजा, तो पाईप आज ना उद्या जाणार.

उपाय सोपा आहे. दर हंगामाआधी दोन्ही टोकं वीत-वीतभर कापायची, निपल परत बसवायचं आणि पाईप उलटा लावायचा, म्हणजे पंपाकडचं टोक गनकडे. झीज वाटली जाते. टोक ताठ झालं असेल तर लायटरने भाजू नका, पीव्हीसी करपतं. गरम पाण्यात बुडवा आणि निपलाला साबणाचं पाणी लावा. आपल्याकडे सरसकट रॉकेल नाहीतर इंजिन ऑईल लावतात, ते नको. आतल्या वायसरी आणि रबराची वाट लागते.

क्लिप स्टेनलेस स्टीलचीच घ्या आणि प्रत्येक टोकाला दोन लावा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. समुद्रकाठी हे चैन म्हणून नाही. खाऱ्या हवेत साधी क्लिप एका पावसाळ्यात गंजते, आणि त्यावर मोरचूद बसलं की विचारूच नका.

मोरचुदावरून एक आडवाट घेतो, कारण पाईपाशी तिचा थेट संबंध आहे. एक टक्का बोर्डोला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. चुना जुना, हवा लागून मेलेला असेल तर मिश्रण आम्ल राहतं. जुनी माणसं घासून स्वच्छ केलेला कोयता किंवा सुरी मिश्रणात बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला की अजून चुन्याची निवळी घालायची. ही परीक्षा पानं जळू नयेत म्हणून करतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण जे मिश्रण कोयत्यावर तांबं चढवतं, तेच मिश्रण तुमच्या लोखंडी क्लिपा, नट आणि गनचे आतले भाग खात असतं. आणि चुना फडक्यातून गाळला नाही तर रवाळ कण पाईपात बसतात, नोझल तुंबतं, मग माणूस दाब वाढवतो. पाईप फुटण्याची सुरुवात अशी बादलीपासून होते.

दाबाचंही तसंच. "झाड उंच आहे, दाब जास्त लागणार" असं म्हणून काटा चाळीसवर नेणारे मी बघितलेत. उंचीने तेवढा दाब खाल्ला जात नाही. 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो. 15 मीटरची सुपारी धरली तरी दीड किलो. दाब खातो तो लांबलचक बारीक पाईप. 8.5 मिलिमीटरच्या पाईपातून पाणी घासत जातं, म्हणून 100 मीटर पसरून दाब वाढवण्यापेक्षा पंपच उचलून वाडीत पुढे न्या आणि 50 मीटरवर काम करा. पाईपालाही बरं, इंजिनालाही बरं.

आमच्याकडची आणखी एक खोड म्हणजे जांभ्याचा गडगा. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत पाईप न्यायचा तर तो गडग्यावरून ओढतात. जांभ्याची कड म्हणजे कानस. त्या जागी जुनं गोणपाट टाकलं तरी पुरतं. एक गिऱ्हाईक जुन्या जाड पाईपाचा हातभर तुकडा उभा चिरून गडग्याच्या कडेवर बसवतं, मला ती युक्ती आवडली.

फवारणी झाली की स्वच्छ पाणी पाच मिनिटं चालवा, पंप बंद करून गन दाबून दाब सोडा, पाईप निथळू द्या. मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, पीळ पडू देऊ नका. खिळ्यावर टांगू नका, जिथे लटकतो तिथे चपटा होतो. ऊन नको, उंदीर नकोत. उंदरांसाठी झाकणाचा जुना ड्रम उत्तम.

आता हिशोब

इथे प्रशिक्षणाला येणारी मुलं हमखास विचारतात, "सर, पाईप टिकला तर आपण विकायचं काय?"

प्रश्न बरोबर आहे. आकडे समजण्यापुरते धरा, तुमच्या गावात वेगळे असतील. समजा पाईप 4,000 चा, त्यात तुमचे 400 सुटतात, आणि गिऱ्हाईक दर दोन वर्षांनी नवीन घेतं. दुसरीकडे, दर वर्षी टोकं करून द्यायचे 250 घेतले, सामान 130 चं, मजुरी 120. दोन वर्षांत 240. सरळ बघितलं तर 400 विरुद्ध 240, मी हरलो.

पण गल्ल्याऐवजी अडकलेल्या पैशाकडे बघा. दहा रोल भरायचे तर 36,000 रुपये अडकतात. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, बाकी वर्षभर रोल पडून. त्यातही मी काय करायचो, जाहिरात म्हणून चार रोल दुकानाबाहेर उन्हात टांगायचो! उन्हाने पीव्हीसी कडक होतं. म्हणजे मी पाईप विकायच्या आधीच त्याचं आयुष्य कमी करत होतो आणि गिऱ्हाईकाला 'नवा' म्हणून देत होतो. हे कळलं त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. निपल, क्लिपा, वायसर यांचा डबा मात्र पाच हजारांत भरतो, खराब होत नाही, आणि 130 च्या सामानावर 120 सुटतात.

शिवाय टोक करायला आलेला माणूस गनही घेऊन येतो. व्हॉल्व्ह दाखवतो. पंपाचं ऑईल कधी बदललं ते त्याला आठवत नसतं.

मला हे खरं पटलं ते 2020 ला. 3 जूनला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारी आमच्या पट्ट्यातल्या सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावल्यापासून फळ धरायला पाच ते सात वर्षं लागतात. ज्यांच्या वाडीत थोडी झाडं उरली होती, ती वाचवायला फवारणी तर करायचीच होती, पण नवीन पाईप घ्यायला हातात पैसा नव्हता. त्या वर्षी माझे रोल तसेच राहिले. दुकानाचं भाडं आणि लाईट बिल निघालं ते पाईपाची टोकं करून, जोड देऊन. जोडावरून आठवलं, मध्ये जोड द्यायचा तर पितळी निपल आणि क्लिपाच वापरा. बांधायची तार आवळली की ती बाहेरचा थर कापते आणि पाईप तिथेच परत जातो.

ज्यांच्याकडे वाडी नाही, पेरणी आहे

घाटावरच्या सोयाबीन पट्ट्यातल्या एका प्रशिक्षणार्थीने विचारलं, आमच्याकडे सुपारी नाही, आम्ही हे कशाला शिकायचं? त्याला मी ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राच्या नळ्या आठवायला सांगितल्या. पूर्वी तिफणीला चाडं आणि बांबूचे नळे असायचे, आता प्लास्टिकच्या नळ्या आहेत. मरण्याची कारणं तीच. पेरणी संपली की यंत्र अंगणात उन्हात, पुढच्या जूनपर्यंत. पेटीत राहिलेलं खत रात्रीच्या दमटपणाने ओलं होऊन गोळे धरतं आणि नळीत अडकतं. नळी लांब कापली तर मध्ये पोट पडतं, त्यात बी थांबतं. आखूड कापली तर दाते वर उचलताना निसटते, आणि मागे बसलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही तर एक ओळ कोरी जाते. ती चूक उगवण झाल्यावर दिसते, तेव्हा पाऊस पुढे सरकलेला असतो.

ऑस्ट्रेलिया, कॅनडात मोठी पेरणी यंत्रं पंख्याच्या हवेने बी नळ्यांतून उडवतात. तिथे बी वळणाच्या बाहेरच्या बाजूवर सतत आपटतं, म्हणून नळी त्या बाजूने आतून झिजते. मग नळी अर्धी फिरवून परत लावली की न झिजलेली बाजू पुढे येते. आपण पाईप उलटा लावतो तीच कल्पना.

तर त्या मुलाला मी सांगितलं, एप्रिल-मेमध्ये गावातली यंत्रं फिरून बघ. प्रत्येक नळी काढून आत उजेड धरून बघायची, तडकलेल्या बदलायच्या, लांबी दाते खाली-वर करून मापायची, क्लिपा नव्या. नळ्यांचं एक बंडल, क्लिपांचा डबा, कटर आणि मोटरसायकल एवढ्यावर सुरू होतं. पेरणीच्या आदल्या दिवशी फोन आला तर जास्त पैसे मिळतील हे खरं, पण त्या दिवशी सगळ्यांचेच फोन येतात आणि तू एकटा असशील. लवकर येणाऱ्याला दर कमी ठेव.

मी स्वतः आता बोर्ली बाजाराच्या दिवशी मे महिन्यात दुकानासमोर टेबल टाकतो. टोक बसवल्यावर गिऱ्हाईकासमोर पंप लावून काटा 25 किलोवर नेतो, दोन मिनिटं तसाच ठेवतो, मग पाईप हातात देतो. पाईपावर कायम शाईने तारीख लिहितो. काही बिघडलं तर कोणी बसवलं ते शोधावं लागत नाही.

ते काका दोन वर्षांनी आले. तोच पाईप घेऊन. दरवर्षी थोडा-थोडा कापून तो आता 97 मीटरचा आहे. मागच्या मे मध्ये मी म्हटलं, "काका, आता नवीन घ्या." त्यांनी टोकावरची तारीख वाचली, क्लिप बोटाने हलवून बघितली आणि म्हणाले, "अजून बरीच वाडी पुरते यात. तू टोक कर."