लोकांच्या पैशातून लागलेला शोध कोणाचा?

दुधाचा भाव केवळ वजनामापावर न ठरता त्यातील स्निग्धांशावर ठरावा, ही गोष्ट आज सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. पूर्वी तसे नव्हते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात दूध वजनावर घेतले जाई. त्यामुळे पाणी घालणारा आणि सकस दूध आणणारा या दोघांच्याही पदरी सारखाच भाव पडे. १८९० साली तेथील विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी यावर उपाय शोधून काढला. दुधात तीव्र गंधकाम्ल मिसळावयाचे, बाटली यंत्रात वेगाने फिरवावयाची, आणि बाटलीच्या खुणा केलेल्या मानेत जमलेला स्निग्धांश मोजावयाचा, अशी ही साधी रीत होती. बॅबकॉक यांनी तिचे पेटंट घेतले नाही. विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालते, तेव्हा शोधही लोकांचाच, हा विचार त्या काळी सहज मान्य होण्यासारखा होता, आणि ही रीत पाहता पाहता सर्वत्र पसरली.

त्याच विद्यापीठात पुढे याच्या अगदी उलट प्रकार घडला. हॅरी स्टीनबॉक यांना असे आढळून आले की, खाद्यपदार्थांवर अतिनील किरण सोडल्यास त्यांत ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण होते व मुडदूस टळतो. १९२४ साली त्यांनी आधी पेटंटसाठी अर्ज केला आणि मगच शोध छापून प्रसिद्ध केला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पेटंट, म्हणजेच एकस्व, हा एक प्रकारचा सौदा होय. शोधकाने आपली कृती सरकारदरबारी पूर्णपणे उघड करावयाची, आणि त्याबदल्यात ठराविक मुदतीपर्यंत इतरांस ती वापरण्यास मनाई करण्याचा हक्क मिळवावयाचा. ही मुदत आज सर्वसाधारणपणे अर्जापासून २० वर्षांची असते. जी गोष्ट आधीच जगजाहीर झाली, तिच्यासाठी असा सौदा होऊ शकत नाही.

स्टीनबॉक यांनी उत्पन्न स्वतःकडे ठेवले नाही. १९२५ साली विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचे एक संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले व पेटंट त्याच्या हाती गेले. मिळालेल्या स्वामित्वधनातून विद्यापीठातील पुढील संशोधनास पैसा मिळू लागला. उंदरांच्या ‘वॉर्फरिन’ या विषाच्या नावात याच प्रतिष्ठानाची आद्याक्षरे आहेत, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. परंतु विस्कॉन्सिन हा लोण्याचा मुलूख. लोण्याशी स्पर्धा करणाऱ्या कृत्रिम लोण्यात, म्हणजे मार्गारिनमध्ये, ही कृती वापरण्यास प्रतिष्ठानाने परवानगी नाकारली. गोपालकांचे हित त्यात होते खरे. पण स्वस्त मार्गारिन खाणाऱ्या गरिबांच्या मुलांनाच मुडदुसाचे भय अधिक, त्यांचे काय? हा आक्षेप न्यायालयातही निघाला. अखेर १९४० नंतरच्या दशकात अपील न्यायालयाने पेटंट अवैध ठरविले, आणि १९४६ साली प्रतिष्ठानाने ही कृती सर्वांस खुली केली. सरकारी विद्यापीठाचा शोध कोणास द्यावयाचा व कोणास नाही, हे खासगी मंडळाने ठरवावे काय, हा प्रश्न मात्र मागे उरला.

त्याचे उत्तर अमेरिकेने १९८० साली बे-डोल कायद्याने दिले. तोपर्यंत केंद्रीय पैशातून लागलेल्या शोधांची मालकी बहुधा सरकारकडे जाई आणि बरीच पेटंटे कपाटात पडून राहत. नव्या कायद्याने मालकी घेण्याची मुभा विद्यापीठास मिळाली, पण अटींवर. संशोधकाने विद्यापीठास लेखी कळविल्यापासून दोन महिन्यांत सरकारला शोध उघड करावयाचा. मालकी हवी की नको, हे त्यानंतर दोन वर्षांत सांगावयाचे. उत्पन्नाचा वाटा संशोधकास द्यावयाचा. आणि सरकारी पैशाचा उल्लेख पेटंटातच करावयाचा. सरकारला तो शोध स्वतःच्या कामासाठी विनामूल्य वापरता येतो. शोध पडून राहिला किंवा आरोग्याची निकड भागली नाही, तर इतरांस परवाना देण्यास भाग पाडण्याचा अधिकारही सरकारने राखून ठेवला आहे. शोध कळविण्यात हयगय झाल्यास मालकी जाऊ शकते. २००४ साली वायुरोधक मुखवटा बनविणाऱ्या एका कारखानदारास न्यायालयात नेमका हाच अनुभव आला. त्याचा शोध चांगला होता; ठरल्या रीतीने तो कळविलेला नव्हता, एवढेच.

आपल्याकडे याच धर्तीचे विधेयक २००८ साली राज्यसभेत मांडले गेले व २०१४ साली मागे घेण्यात आले. त्यामुळे येथे असा सर्वसाधारण कायदा नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००६ पासून आपल्या संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवून दिली आहेत. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील विद्यापीठाने पेरणीचे अंतर किंवा छाटणीची वेळ सुचविली, तर तिचे पेटंट होऊ शकत नाही. शेतीची पद्धत, तसेच वनस्पती व बियाणे, हे १९७० च्या पेटंट कायद्याने वगळलेले आहेत. नव्या वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. त्याखाली नोंदलेल्या वाणाचे बी राखणे, पेरणे, अदलाबदल करणे आणि नाममुद्रा न लावता विकणे, हा शेतकऱ्याचा हक्क शाबूत आहे.

अवजारांची गोष्ट निराळी. एखाद्या शेतकऱ्याने घरच्या घरी पेरणीयंत्रात खरोखरीच नवी सुधारणा केली, तर गावोगावचे कार्यकर्ते कौतुकाने ती मेळाव्यात मांडतात, वर्तमानपत्रात छायाचित्रही देतात. हेतू चांगला, पण येथेच नुकसान होते. प्रदर्शनात मांडल्यानंतर बारा महिन्यांत अर्ज करण्याची सवलत भारतात केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे. तालुक्याच्या मेळाव्यास ती आपोआप लागू होत नाही. म्हणून ज्यास हक्क राखावयाचा असेल, त्याने आधी तात्पुरते वर्णन जोडून मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे अर्ज करावा. पूर्ण वर्णन देण्यास त्यानंतर बारा महिने मिळतात, आणि अवजार मेळाव्यात नेण्यास हरकत राहत नाही.